मासा, ममी आणि टचस्क्रीन : जुन्या विज्ञान-संग्रहालयांचं नवं करताना

बडोद्याच्या म्युझियमातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला "काय पाहिलंत?" असं विचारलं तर बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात. मोठा मासा आणि ममी. चित्रदालनातल्या युरोपियन चित्रांसाठी स्पीलमनसारख्या जाणकाराला कामाला लावलं होतं, अकोट्याच्या धातुमूर्तींवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले, पण लोकांच्या लक्षात राहतो तो मासाच. यात मला काही वावगं वाटत नाही. लहानपणी त्या सांगाड्याखाली मान वर करून उभं राहिलेल्या कितीतरी बडोदेकरांचा विज्ञानाशी पहिला खरा संबंध तिथेच आला असेल.

तर त्या माशाबद्दल आधी. तो अर्थातच मासा नाही, सस्तन प्राणी आहे. निळा देवमासा, ब्लू व्हेल. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी तो वाहून आला आणि त्याचा सांगाडा म्युझियमात आला. लांबी सुमारे ७१ फूट. कुणी कुणी याचंही श्रेय सयाजीरावांना देऊन टाकतात, पण महाराज १९३९च्या फेब्रुवारीतच गेले होते. तेव्हा गादीवर प्रतापसिंहराव होते आणि म्युझियमचे संचालक होते हर्मान गोएट्झ हे जर्मन कला-इतिहासकार.

आता पर्यटनाची कुठलीही माहितीपत्रकं उघडा, वेबसाइटी चाळा. सगळीकडे हे 'बेबी ब्लू व्हेल' आहे, म्हणजे देवमाशाचं पिल्लू. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं. मला इंजिनिअरच्या सवयीने आकडा दिसला की तो तपासावासा वाटतो. ७१ फूट म्हणजे साडेएकवीस मीटरच्या वर. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतं तेव्हा सात मीटरच्या आसपास असतं आणि आईचं दूध सुटतं तेव्हा सोळा मीटरच्या आसपास. मग साडेएकवीस मीटरचं हे 'बाळ' कसं? अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये ६६ फुटी निळा देवमासा टांगलेला आहे आणि त्याला ते लोक अल्पवयीन म्हणतात, हे खरं. पण तो अटलांटिकचा. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे मुळात अंगाने लहान, त्यांची उपजातच वेगळी मानली जाते. त्यांच्या हिशेबाने आपला हा मासा बाळ तर नाहीच, बहुधा चांगला मोठा झालेला आहे.

शिवाय ७१ फूट हा आकडाही तितका सरळ नाही. जिवंत प्राण्यात दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची गादी असते, ती सांगाड्यात राहत नाही. सांगाडा उभा करणाऱ्याने मणक्यांमध्ये किती फट ठेवली त्यावर पाच-सात फूट इकडचे तिकडे होऊ शकतात. पण वय ठरवायला लांबीच कशाला हवी? देवमाशाच्या प्रत्येक मणक्याच्या दोन्ही टोकांना हाडाच्या चकत्या असतात. प्राणी वाढत असतो तोवर त्या सुट्या, वाढ पूर्ण झाली की मणक्याला सांधल्या जातात. एक चांगली शिडी, एक टॉर्च आणि हा विषय शिकलेला एक माणूस, एवढ्यावर निदान पहिला अंदाज बांधता येईल. खर्च किती, तर एका टचस्क्रीनच्या कितीतरी आत.

हे इतकं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. एका जुन्या सरकारी विज्ञान केंद्राच्या (आपल्या गावचं नव्हे, नाव घेत नाही) 'कायापालटाचा' आराखडा काही दिवसांपूर्वी माझ्या पाहण्यात आला. जाडजूड, चकचकीत, रंगीत. त्यात काय नव्हतं? प्रवेशद्वारी एलईडी भिंत, अंधाऱ्या बोगद्यातून समुद्राखाली गेल्याचा भास, व्हर्च्युअल रिॲलिटीच्या खुर्च्या, होलोग्रामचा डायनासोर, सेल्फी पॉइंट दोन. छत जिप्समचं, खाली लपवलेले दिवे. शेवटी खर्चाचं कोष्टक. सध्या तिथे ज्या वस्तू आहेत त्यांची यादी कुठे आहे म्हणून मी पानं उलटत राहिलो. एक ओळ सापडली : जुने एक्झिबिट काढून जागा मोकळी करणे, अमुक इतके चौरस फूट. चौरस फुटांत! म्हणजे तिथे काय ठेवलंय हे न पाहताच ते किती जागा अडवतंय ते मोजलं होतं.

अशा आराखड्याच्या हातात आपला देवमासा पडला तर काय होईल याची मला पूर्ण कल्पना आहे. हॉलमध्ये निळा अंधार करतील, भिंतींवर लाटा नाचवतील, स्पीकरमधून देवमाशाचं गाणं सोडतील. आणि खाली झकास चमकत्या अक्षरांत लिहितील : बेबी ब्लू व्हेल. चूक तीच, फक्त रिझोल्युशन जास्त.

नूतनीकरण नको असं मी म्हणत नाही. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पंचवीस-तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला आहे, जुनं मशीन कुठवर ओढायचं आणि कधी बदलायचं हा रोजचा प्रश्न होता. पण मशीन बदलताना आम्ही आधी विचारायचो की हे करतं काय. विज्ञान-संग्रहालय करतं काय, हे विचारायला नको का?

याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर ज्याने दिलं तो माणूसही इंजिनिअरच होता. म्यूनिकचा ऑस्कर फॉन मिलर. १८९१ साली फ्रँकफुर्टला विद्युत प्रदर्शन भरलं, तेव्हा १७५ किलोमीटरवरच्या लाउफेनच्या धबधब्यावरून तारांतून वीज आणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रदर्शनात दिवे पेटवले आणि एक कृत्रिम धबधबा चालवून दाखवला. तिकडच्या पाण्यावर इकडचं पाणी. लांबून वीज आणता येते हे लेख लिहून पटलं नसतं, डोळ्यांनी दिसल्यावर पटलं. या माणसाने १९०३ साली डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. इझार नदीतल्या बेटावरची इमारत १९२५ साली ७ मे रोजी, नेमकी त्याच्या सत्तराव्या वाढदिवशी उघडली. मूळ यंत्रं जपायची, पण नुसती कपाटात ठेवायची नाहीत. इंजिन मधोमध कापून आतलं दाखवायचं. हँडल लावायचं, बटण लावायचं, येणाऱ्याने स्वतः फिरवून पाहायचं. खाली जमिनीत खाण उभारायची आणि लोकांना तिच्यातून चालत न्यायचं. झाइस कंपनीने बनवलेला जगातला पहिला प्रक्षेपक तारांगण-यंत्राचा प्रयोगही १९२३ साली इथेच झाला.

आपल्याकडे हे थेट आलं. बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी म्यूनिकचं संग्रहालय पाहिलं होतं, तसं आपल्याकडे हवं असं त्यांच्या मनात होतं. १९५९ साली कोलकात्याला बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय उघडलं आणि तिथेही खाण आली. मागून बंगळुरूचं विश्वेश्वरय्या संग्रहालय, १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद, १९८५ साली मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र. आपल्या पिढीने शाळेच्या सहलीत जी बटणं दाबली ती या घराण्यातली. आता हे सगळं घराणंच चाळिशी-साठी ओलांडून बसलं आहे, म्हणून नूतनीकरणाचा प्रश्न एकट्या बडोद्याचा नाही.

आणि मूळ घराचंच काय झालं ते बघण्यासारखं आहे. युद्धात बाँबनी मोडलेली आणि पुन्हा उभी केलेली ती इमारत जुनी झाली. आगीपासून सुरक्षा, वायरिंग, पाया, सगळंच करायला आलं. २०१५च्या सुमारास मोठं काम सुरू झालं. पहिला अंदाज साडेचव्वेचाळीस कोटी युरोंचा, तो फुगत ७४ कोटींच्या वर गेला. पहिला अर्धा भाग २०२२च्या जुलैत उघडला, एकोणीस नव्या प्रदर्शनांसह. दुसरा अर्धा भाग व्हायला २०२८ उजाडायचं आहे. काम सुरू झालं तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर ते संपताना तेवीस वर्षांचं होईल. जर्मनांची ही कथा, तर आपल्या टेंडरांची काय सांगावी!

तरी तिथून दोन गोष्टी मी घेईन. एक म्हणजे अर्धं बंद, अर्धं चालू ही पद्धत. संपूर्ण संग्रहालय कुलूप लावून पडलं नाही. आपल्याकडे 'नूतनीकरणासाठी बंद' ही पाटी लागली की ती पाटीच जुनी होऊन गंजते, हे कुणी नाकारेल का? दुसरं म्हणजे आधी सामान हलवायचं काम हे स्वतंत्र, मोठं काम म्हणून धरणं. प्रत्येक वस्तू काढायची, नोंदवायची, तपासायची, कुठे नेली ते लिहायचं. आमच्याकडे शटडाउनमध्ये टर्बाइन उघडताना प्रत्येक बोल्टला टॅग लावायचे. टॅग नाही लावला तर जोडताना चार बोल्ट उरतात आणि ते कुठले हे कुणालाच सांगता येत नाही. संग्रहालयात उरलेले बोल्ट म्हणजे काय, तर नोंद नसलेले दगड, चिठ्ठी सुटलेले शिंपले आणि नाव हरवलेली यंत्रं. मग ती 'भंगार' ठरायला वेळ लागत नाही.

लंडनने यातला वाईट नमुनाही दाखवला आहे. तिथल्या सायन्स म्युझियममध्ये १९६३ साली उघडलेलं जहाजांचं दालन होतं, अठराशेच्या आसपास वस्तू, बहुतेक जहाजांच्या प्रतिकृती. २०१२ साली ते बंद केलं आणि त्या जागी माहिती-तंत्रज्ञानाचं नवं दालन आलं. मोडण्याआधी लेझरने सगळ्या दालनाचं स्कॅनिंग केलं, कोट्यवधी बिंदूंचा ढग तयार केला आणि त्यातून उडत जाण्याची फिल्म केली. फिल्म देखणी आहे. पण ज्याला शिडाची दोरी कुठून कुठे बांधतात हे पाहायचं आहे त्याला तो ढग कामाचा नाही. स्कॅन करणं चुकीचं नाही, स्कॅन केलं म्हणून वस्तू गोदामात गेली तरी चालेल हा हिशेब चुकीचा.

आणि त्याच लंडनमध्ये, शेजारच्याच इमारतीत, याच्या उलट काम झालं. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मोठ्या हॉलमध्ये उभा असलेला 'डिप्पी' हा डायनासोर, जो मुळात साच्यातून काढलेली प्रतिकृती होता, तो हलवून २०१७ साली तिथे खरा सांगाडा आणला. निळ्या देवमाशाचा! आयर्लंडच्या वेक्सफर्डला १८९१ साली किनाऱ्याला लागलेली ही मादी, २५ मीटरच्या वर लांब. कित्येक दशकं सस्तन प्राण्यांच्या दालनात सरळ आडवी टांगलेली होती. तिला उतरवून, हाडन् हाड साफ करून, तपासून, पुन्हा टांगताना भक्ष्यावर झेप घेणाऱ्या देवमाशाच्या वळणात बसवली. 'होप' असं नाव ठेवलं. पुढे तिच्या तोंडातल्या बलीन पट्ट्यांचं रासायनिक परीक्षण करून तिच्या अखेरच्या काही वर्षांत ती कुठून कुठे फिरली असेल याचा अंदाजही शास्त्रज्ञांनी बांधला. सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याकडून मिळालेली ही नवी माहिती आहे. १८९१ साली असा प्रश्न विचारायचं तंत्रच नव्हतं. वस्तू ठेवली होती म्हणून नंतर विचारता आला.

मही नदीच्या माशालाही असे प्रश्न विचारता येतील. तो नर की मादी, कुठल्या उपजातीचा, किती वयाचा, हाडांवर जहाजाच्या धडकेची खूण आहे का. हे सगळं चालू असताना ते लोकांसमोर करावं. खाली दोरी बांधा, वर मचाण बांधा, आणि शनिवारी-रविवारी काम करणाऱ्याने खाली येऊन मुलांना सांगावं की आज कुठला मणका पाहिला. यापेक्षा मोठा 'इंटरॲक्टिव्ह' मला तरी सुचत नाही.

टचस्क्रीनबद्दल थोडं तांत्रिक बोलतो, कारण बैठकांत हा विषय कुणी काढत नाही. हाताने फिरवायच्या एक्झिबिटमध्ये मोटर, पट्टा, बेअरिंग, गिअर असतो. बिघडतं, रोज बिघडतं, पोरं हँडलला लोंबकळतात. पण बेअरिंग गावात मिळतं, पट्टा गावात मिळतो, आणि हाताशी एक लेथ व एक फिटर असला की संध्याकाळपर्यंत ते चालू होतं. टचस्क्रीन बंद पडली की पुरवठादाराला फोन. एएमसी चालू असेल तर माणूस येतो, संपली असेल तर स्क्रीनवर कागद चिकटवतात. सात-आठ वर्षांनी ते मॉडेल बाजारात नसतं, सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी नसते, आणि पासवर्ड ज्याला ठाऊक होता तो नोकरी सोडून गेलेला असतो. भांडवली खर्चाला उद्घाटन असतं, देखभालीच्या खर्चाला नसतं, म्हणून पहिल्याला पैसे मिळतात आणि दुसऱ्याला नाही. माझ्या हातात असतं तर नूतनीकरणाच्या कुठल्याही आराखड्याचं पहिलं पान मी वर्कशॉपचं मागितलं असतं : किती फिटर, किती इलेक्ट्रिशियन, सुतार आहे का, सुट्या भागांना वर्षाला किती रक्कम.

जुन्या मांडणीचंही एक मोल असतं. मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ साली उघडलेलं, उद्योग, शेती, निसर्ग असं सगळं दाखवणारं, म्हणजे आपल्या बडोद्याच्या संग्रहालयाचं मोठं भावंडच. २००८ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, त्याआधीच २००५ साली युनेस्कोचं पारितोषिकही मिळालं होतं. तिथे कपाटं फेकली नाहीत. कपाटं हीच वस्तू मानून दुरुस्त केली, छताचे रंग शोधून काढले. आत गेल्यावर एकोणिसाव्या शतकातला माणूस जगाची विभागणी कशी करत होता ते त्या कपाटांतून कळतं. माझी एक तक्रार आहे. ते इतकं सुंदर झालं आहे की कधी कधी वस्तूपेक्षा कपाटच पाहत राहतो आपण. पण ही तक्रार असण्याचं सुख किती संग्रहालयांच्या वाट्याला येतं?

बडोद्यात १८९४ साली चिझमच्या त्या इमारतीत संग्रहालय उघडलं तेव्हा हेतू काय होता हे त्याच्या शेजारी कलाभवन ठेवून पाहिलं की समजतं. १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन सुरू झालं. (मीही तिथलाच. आता फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी म्हणतात, पण रिक्षावाल्याला कलाभवनच सांगावं लागतं.) कारागिराच्या पोराला रंग, यंत्र, लाकूडकाम त्याच्या भाषेत शिकवायचं, म्हणून विज्ञानाचे शब्द देशी भाषांत आणायचा केवढा खटाटोप गज्जरांनी केला. पुढे १९३१ साली कारभाराच्या शब्दांसाठी 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला, अनेक भाषांच्या रकान्यांचा. शब्द आधी नीट ठरवावा, मग पाटी लिहावी, ही या गावची रीत.

आता मघाच्या चकचकीत आराखड्यातल्या नमुना पाट्या पाहा. इंग्रजी मजकूर कुणीतरी यंत्राच्या तोंडी देऊन देशी भाषेत काढलेला. 'बॉल बेअरिंग'चं भाषांतर चेंडू सहन करणारं यंत्र अशा अर्थाचं झालं होतं. उचलण्याची क्रेन पक्षी झाली होती. हसू आलं, मग राग आला. बडोद्यात मराठी पाटी लागावी असं मला मनातून वाटतं, संस्थानचा कारभार गुजराती आणि मराठी दोन्हींत चालत असे आणि त्या काळचं बरंच काही मराठीत आहे. पण त्याआधी गुजराती पाटी तरी अशी असावी की सावलीच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या शाळकरी मुलाला ती वाचून काही कळेल. मराठीचा हट्ट मी त्यानंतर धरीन.

एक मात्र लगेच करता येण्यासारखं आहे, त्याला डीपीआर लागत नाही. जुन्या पाट्या, चिठ्ठ्या, कपाटांवरचे क्रमांक, हे सगळं फोटो काढून आणि उतरवून ठेवणं. कुठल्या वर्षी वस्तूला काय म्हणत होते हा स्वतःच इतिहास आहे. आपल्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं, विद्यार्थी दाराशी आहेत. म्युझियमचं 'बुलेटिन' गोएट्झ यांच्या काळात सुरू झालं, त्याचे जुने अंक चाळले तर कोणती वस्तू कधी कुठे होती याचे बरेच धागे हाती लागतात.

आणि माशाबद्दल एक विनंती. १९४४ साली महीकाठी तो पाहायला गेलेली माणसं आता क्वचितच असतील, पण त्यांनी घरी सांगितलेलं कुणाच्या कानावर असेल. सांगाडा जोडताना किंवा हॉलमध्ये नव्याने टांगल्यावर काढलेला फोटो कुणाच्या अल्बममध्ये असू शकतो. त्या फोटोत मणके मोजता आले, फटी दिसल्या, तर आज जे दिसतं ते मूळ जोडणीचं की नंतरच्या दुरुस्तीचं हे ठरवता येईल. फोटो मूळ पाठवू नये, साधी प्रत मंडळाकडे द्यावी, आणि मागे काही लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूचीही.